मेलरच्या दारातलं कापड

मेलरच्या ग्रोआला राग येत नसे. तो तिच्याकडे मुक्कामालाच असे. हिच्या चुलीला शेण्या लागत नाहीत, असं खोऱ्यातली माणसं म्हणत, आणि ती पाठमोरी असली तरच म्हणत. एकोणीस वर्षांची होती तेव्हा बारा मेंढ्या आणि एक माग घेऊन ती खाडीच्या तोंडाकडून इथे लग्न करून आली. लग्नाच्याच दिवशी, शेजारच्या होल या घरचा बार्द आहेर म्हणून लोणी घेऊन आला, तर तिने त्यात बोट बुडवून चाखलं आणि सगळ्या मांडवादेखत सांगितलं की हे मागच्या वर्षीचं आहे. नवरा औदुन शेजारी बसून हसत राहिला. तो मुळातच थंड. रागवायचं सगळं काम त्याने त्या दिवशी बायकोवर सोपवलं आणि पुढची अकरा वर्षं तो मोकळा राहिला.

या अकरा वर्षांत औदुन एकदाच स्वतः रागावला, आणि त्यातच गेला.

हिवाळा सरत आला होता, नदी अजून गोठलेली होती. स्कार्दचा स्टेनार एक मेंढी हाकत बर्फावरून चालला होता आणि तिच्या कानावर मेलरची खूण होती. औदुनने विचारलं, ही आमची ना. स्टेनार म्हणाला, खूण नीट बघ. औदुनने नीट बघितलं. कानाला एक चीर नवीन होती, खूण स्कार्दची दिसावी म्हणून पाडलेली, अजून खपलीसुद्धा धरली नव्हती. त्याने स्टेनारच्या थोबाडीत मारली. स्टेनारच्या खांद्यावर कुऱ्हाड होती.

त्यानंतर स्टेनारने जे केलं त्याचं कौतुक खोऱ्यात महिनाभर चाललं. त्याने प्रेत सरळ केलं. कोल्ह्या-कावळ्यांनी तोंड लावू नये म्हणून वर बर्फ आणि दगड रचले. आणि त्याच दिवशी, ऊन असताना, शेजारच्या घरी जाऊन दारात उभं राहून आपल्या तोंडाने सांगितलं की मी, स्कार्दचा स्टेनार, औदुनला मारलं आहे, अमक्या जागी, अमक्या हत्याराने. लपवलं असतं तर तो खुनी ठरला असता. सांगितलं म्हणून तो नुसता मारणारा ठरला. सगळ्यात जवळचं घर मेलर होतं, धूर दिसत होता. पण मेलेल्याची माणसं जिथे राहतात ते दार सोडून पुढे जायची कायद्यात मुभा आहे. तो पुढे होलला गेला.

होलला बार्दने त्याला आत घेतलं. बार्दच्या बायकोने, ऊनाने, त्याच्यापुढे विरजलेल्या घट्ट दुधाचं वाडगं ठेवलं. काय करणार, दारी आलेला माणूस. त्याने खाल्लं. मग आणखी दोन घरचे पुरुष आले, ते दगड बघून आले, आणि चौघांनी बसून ठरवलं की कुठेही काही चुकलेलं नाही.

ग्रोआ दुपारभर अंगणातून बघत होती. बर्फावर माणसं येत-जात होती. तिला वाटलं, मासे धरतायत. औदुनही तिथेच असणार, म्हणून तिने त्याची पेज झाकून ठेवली.

संध्याकाळी तिघं जण टोप्या हातात घेऊन वर आले. बार्द पुढे होता. जे सांगायचं ते त्याने सांगितलं. मग, बाई रडत नाही हे बघून, धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, "एक मात्र आहे ग्रोआ. सगळं रीतसर झालंय."

"काय रीतसर झालंय?"

बार्दने दगडांचं सांगितलं, दारात उभं राहून बोलल्याचं सांगितलं.

"तुमच्याकडे कधी आला तो?"

"दुपारी. उन्हं डोक्यावर होती."

"आणि आत्ता दिवे लागलेत. माझा नवरा मेलाय हे तुला माहीत, तुझ्या बायकोला माहीत, तुझ्या कुत्र्याला माहीत. मी इथे त्याची पेज झाकून बसले." ती दारातून बाजूला झाली नाही. "माझ्या दारावरूनच गेला ना तो?"

"त्याला ती मुभा आहे, बाई. तुझं मन जपलं त्याने."

तिने झाकलेली पेज उचलली आणि बार्दच्या बुटांवर ओतली. ती थंड झाली होती, त्यामुळे भाजलं नाही; पण हेही पुढे खोऱ्यात सांगितलं गेलं, आणि ते कौतुकाने नव्हे.

नवरा मारला गेला तर बायकोला दावा लावता येत नाही. औदुनला भाऊ नव्हता. चुलतभाऊ होता तो समुद्रापलीकडे. मूल एकच, सहा वर्षांची आर्नेय. तेव्हा दावा कुणातरी पुरुषाच्या हातात द्यायचा, आणि तो पुरुष म्हणजे खोऱ्याचा सरदार ओर्लीग. तो स्वतः आला, घोड्यावरून उतरला, तिच्या घरचं आंबट ताक प्यायला. फार गोड बोलणारा माणूस. ग्रोआने त्याला चार वेळा सांगितलं की मला कापड नको, चांदी नको, मला स्टेनार हद्दपार हवाय. ज्याला कुणी घास देऊ नये, होडीत घेऊ नये, असा. ओर्लीगने चारही वेळा मान हलवली.

मग साक्षीदार उभे केले. त्याने हात पुढे केला आणि शब्द सांगितले, आणि तिने ते त्याच्यामागून एका दमात म्हटले: हा दावा मी ओर्लीगला देते, लावायला आणि मिटवायला, जणू मूळ धनी तोच.

लावायला आणि मिटवायला. लहानपणापासून ती दर वसंतातल्या सभेत हे शब्द ऐकत आली होती. गाणं पाठ असावं तसे पाठ होते, म्हणून त्यांच्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. मागावर एक दोरा चुकला तर अंधारात बोटाने शोधणारी बाई. साक्षीदारांनी शब्द ऐकले होते. मान हललेली कुणी ऐकली नव्हती.

उन्हाळ्यात मोठी सभा झाली. ओर्लीग परतताना मेलरला थांबला, पण घोड्यावरून उतरला नाही, तेव्हाच तिला कळलं. तडजोड झाली होती. औदुनची किंमत सहाशे हात लोकरी कापड ठरली. पैकी निम्मी, पहिली थोबाडीत त्याने मारली म्हणून, कापली गेली. राहिले तीनशे हात. उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवशी, नदीपलीकडच्या सुळक्याला सूर्य टेकायच्या आत, मेलरच्या दारात मोजून द्यायचे, आर्नेयच्या नावाने. दिले तर वैर संपलं. नाही दिले तर स्टेनार त्या क्षणापासून हद्दपार, पुन्हा दाव्याची गरज नाही. आणि हो, नदीकाठचं स्टेनारचं कुरण या तडजोडीच्या खटपटीबद्दल ओर्लीगकडे आलं होतं.

"कुरण केवढं आहे?" ग्रोआने विचारलं.

"बरं आहे. वीस गाई चरतील."

"म्हणजे माझ्या नवऱ्याची एक थोबाडीत तीनशे हातांची, आणि तुमची मान चार वेळा हलली ती वीस गाईंची. महाग मान आहे, सरदार. सांभाळा."

ओर्लीग हसला. तो म्हणाला की तिचं दुःख त्याला कळतं, पण जगात शांतता कुणीतरी राखावीच लागते. तीनशे हात म्हणजे पोरीचं लग्न होऊन वर उरेल. दुसऱ्या एखाद्या बाईने त्याचे आभार मानले असते.

"तुम्ही दुसऱ्या बाईकडेच जायला हवं होतं," ती म्हणाली. "मी नवऱ्याची किंमत घेऊन त्याला थैलीत मिरवणारी नाही."

"तुला काही करायचंच नाहीये, ग्रोआ. तुझ्या हाताचीसुद्धा गरज नाही. फक्त दार उघडं ठेव."

या वाक्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तो सबंध उन्हाळा तिथेच राहिली. ती गवत कापायची आणि तिच्यामागे गवत गोळा करणाऱ्या गडीमाणसांना वाटायचं की कुणाचे तरी पाय कापतेय. त्या मुलखात उन्हाळ्यात रात्रीही उजेड असायचा, तेव्हा ती सुळक्याकडे बघत बसे. एकच विचार करायची: न भरो. बुडो ती बाजारची होडी, मरोत स्कार्दच्या मेंढ्या, कसर लागो कोठीला. पण पलीकडून बातम्या येत त्या चांगल्याच. स्टेनारच्या घरी दीडशे हात तयारच होते, मेव्हण्याने शंभर दिले, आणि उरलेलं त्याची बायको राग्नफ्रीद दिवसरात्र मागापुढे उभी राहून विणत होती.

उन्हाळ्याचा शेवटचा दिवस म्हणजे खोऱ्यात कापाकापीचा दिवस. घरोघरी मेंढ्या पडतात, बायकांचे हात कोपरापर्यंत लाल असतात, आतड्यांत रक्त आणि चरबी भरायचं काम चालतं. स्टेनार दुपार टळल्यावर आला. सोबत ओर्लीग, साक्षीला बार्द आणि आणखी सहा पुरुष, आणि कापड लादलेले घोडे धरून राग्नफ्रीद. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ग्रोआने तिला आत या म्हटलं नाही. कुणालाच म्हटलं नाही.

बार्दने हात मोजायची काठी काढली आणि अंगणात चामडं पसरून मोजायला सुरुवात केली. वीस-वीस हातांची ठाणं, पंधरा. पुरुष गोलात उभे. ओर्लीग मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलत होता. स्टेनार घरादाराकडे एकदाही न बघता उभा होता, व्यवस्थित, दाढी विंचरलेली, जसा तो त्या दिवशी होलच्या दारात उभा असेल.

आणि कापड चांगलं होतं. हेच ग्रोआला सहन होईना. एकेक ठाण उलगडत होतं आणि तिची नजर कोल्ह्यासारखी त्यावर फिरत होती, एक विरळ पट्टा, एक तुटका दोरा, एक ओला डाग मिळावा म्हणून. मिळत नव्हता. मेव्हण्याचं कापड तर असं दाट की पाणी धरलं असतं. दहा ठाणं झाली, बारा झाली. चौदाव्याला बार्द नुसताच आकडा ओरडू लागला होता. पंधरावं त्याने भराभर काठीवर ओढलं आणि म्हणाला, "वीस. झाले तीनशे."

"रुंदी मोज," ग्रोआ म्हणाली.

बार्दने ओर्लीगकडे पाहिलं. ओर्लीग म्हणाला की बाईला इथे बोलायचा हक्क नाही.

"दाव्यात नाही," ती म्हणाली. "दावा मी तुम्हाला देऊन बसले. पण हे कापड माझ्या पोरीचं व्हायचंय आणि ते माझ्या कोठीत राहायचंय. कोठीत काय घ्यायचं ते मी बघते. बार्द, रुंदी मोज. शेवटच्या ठाणाची. मधोमध."

ती आधीच वाकली होती. कापडाचा काठ तिने दोन बोटांत धरला होता. तो काठ आत ओढला गेलेला होता. घाईने विणताना आडवा दोरा ताणला जातो आणि कापड कमरेत आवळल्यासारखं अरुंद होत जातं. सुरुवातीला बरोबर, पुढे पुढे चोरटं. बार्दने काठी आडवी धरली. कायद्याचं कापड दोन हात रुंद असतं. हे तीन बोटं कमी होतं. त्याने पुन्हा धरली. पुन्हा तीन बोटं.

"मी सांगितलं होतं त्याला," राग्नफ्रीद घोड्याच्या मानेकडे बघत म्हणाली. "उसवून परत करते म्हटलं. तो म्हणाला, तळाशी घाल, कोण बघतंय."

स्टेनार पहिल्यांदाच काहीतरी चुकीचं बोलला. तो बायकोला म्हणाला, तोंड बंद ठेव. आणि सातही साक्षीदारांनी ऐकलं की त्याला माहीत होतं.

ओर्लीगने लगेच हात वर केला. म्हणाला, तीन बोटांनी कुणाचं काय बिघडतं, दाव्याचा धनी मी, मी हे पुरेपूर मानून घेतो.

"घ्या ना," ग्रोआ म्हणाली. "सगळ्यांसमोर घ्या. सहा वर्षांच्या पोरीच्या बापाचं मोल कमी मापाने घेतलंत म्हणून उद्या तिचा नवरा तुमच्यावर दावा लावेल, आणि बार्द साक्षीला असेल. बार्दला आवडतं सगळं रीतसर. नाही का रे?"

बार्दने काठी खाली ठेवली. "अरुंद आहे ते," तो म्हणाला. "मी तसंच सांगेन."

ते ठाण बाद झालं, म्हणजे वीस हात कमी. सूर्य अजून सुळक्याच्या दोन भाले वर होता. वीस हात म्हणजे फार नव्हेत. खाऊनपिऊन सुखी अशा कुठल्याही घरात पेटीत असतात. ओर्लीगने हिशेब केला. त्याचं स्वतःचं घर अर्ध्या दिवसावर, पण आजूबाजूला पाच घरं. त्याने पुरुषांना सांगितलं, जा, आणा, वसंतात दुप्पट परत देतो. आणि पाच पुरुष घोड्यावर बसून पाच दिशांना गेले.

ग्रोआ दगडी भिंतीला टेकून उभी राहिली. आता तिच्या हातात खरंच काही नव्हतं. तिच्या तोंडात आलं की शिव्या द्याव्यात, पण कुणाला द्यायच्या ते ठरेना. औदुनलाही द्याव्याशा वाटल्या, इतकी वर्षं थंड राहून एकाच दिवशी तापल्याबद्दल.

पहिला परत आला तो आठ हात घेऊन. जुनं, पण मापाचं. मागे राहिलेल्या एका साक्षीदाराने मोजलं, बरोबर होतं. स्टेनारने श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

दुसरा आला आणि घोड्यावरूनच म्हणाला, बायको म्हणते कापड मागावरून उतरलेलं नाही. तिसरा म्हणाला, पेटीला कुलूप आहे, आणि कोठीची किल्ली हिच्या कमरेला, आणि हिचे हात रक्ताने माखलेले. म्हणाला, मी म्हटलं मी काढून घेतो, तर ती सुरी घेऊन वळली. तो हसायला गेला, पण कुणी हसलं नाही. घोडा विकायचा तर नवरा विकेल, जमीन द्यायची तर नवरा देईल; पण कोठीतलं कापड बायकोला न विचारता काढणारा पुरुष या खोऱ्यात अजून जन्मायचा होता. चौथा आलाच नाही. त्याच्या बायकोने त्याला एक मेंढा धरायला बसवलं होतं, असं मागाहून कळलं.

बार्द शेवटी आला. होल सगळ्यात जवळ, तरी शेवटी. त्याचा चेहरा उतरला होता आणि मागून ऊना चालत येत होती, हात न धुता, एप्रनवर रक्त सुकलेलं.

ओर्लीग पुढे झाला. म्हणाला, ऊना, तुझ्याकडे चाळीस हात आहेत, मागच्या महिन्यात मी स्वतः पाहिलेत.

"आहेत," ऊना म्हणाली. "चांगले आहेत. दोन हात पूर्ण रुंद."

"मग?"

"मग काही नाही. त्या दिवशी मी ह्याला दूध वाढलं." तिने स्टेनारकडे हनुवटीने दाखवलं. "नवऱ्याने सांगितलं म्हणून वाढलं. त्याने वाडगं पुसून खाल्लं. मला तिकडून ग्रोआचा धूर दिसत होता आणि मी तिला सांगायला गेले नाही, कारण पुरुष ठरवत बसले होते. आज मला कुणी काही वाढायला सांगू नका."

ती इतकं बोलून ग्रोआशेजारी भिंतीला टेकली. ग्रोआने तिच्याकडे बघितलं नाही. सात महिन्यांचा राग होता, एका वाक्याने जाणारा नव्हता. पण ती थोडी सरकली आणि जागा दिली.

बारा हात कमी होते. स्टेनारने अंगावरचा झगा काढला आणि चामड्यावर टाकला. बार्दने मान हलवली: शिवलेलं चालत नाही. सूर्य सुळक्याला टेकला, त्याची कड चपटी झाली, आणि मग अंगणातला उजेड जरासा पिवळा झाला. बार्दने हद्दपारीचे शब्द उच्चारले, कारण साक्षीदारांत तो वयाने मोठा होता.

स्टेनार बायकोकडे वळला. राग्नफ्रीदने त्याला एक घोडा सोडून दिला. तो बसला आणि पश्चिमेकडे गेला, चालीनेच, घाई न करता, आणि वाटेतल्या कुठल्याही दारात थांबला नाही. आता त्याला थांबता येत नव्हतं. वसंतात तो कुठल्याशा जहाजावर चढला असं ऐकिवात आहे.

ओर्लीग निघताना ग्रोआला म्हणाला, झालं ना तुझ्या मनासारखं. ती म्हणाली, माझ्या मनासारखं म्हणजे औदुनने आत्ता मेंढ्या आत घेतल्या असत्या. आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

लोकांना वाटलं, आता ही शांत होईल. झाली नाही. त्यानंतर सव्वीस वर्षं जगली आणि शेवटपर्यंत दर वसंतातल्या सभेत बायकांच्या रांगेत उभी राहून, कुणी बाई दावा सोपवायला निघाली की मोठ्याने विचारायची, लावायला फक्त, की मिटवायलाही? पुरुष वैतागायचे. बायका थांबून विचार करायच्या.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी राग्नफ्रीद कापड न्यायला आली. तडजोड मोडली म्हणजे कापड तिचं. अंगणात दव पडून वरची ठाणं ओली झाली होती. ग्रोआने रात्री उठून त्यांच्यावर चामडं टाकलं होतं, तरी. दोघींनी मिळून घोड्यांवर लादलं. शेवटचं अरुंद ठाण ग्रोआच्या हातात आलं तेव्हा तिने ते उलगडलं, काठावर बोट फिरवलं आणि रागाने म्हणाली, "आडवा दोरा असा ओढतात का? ताण्याला दगड हलके लावलेस तू. दोन-दोन जास्त बांध."

"घाई होती," राग्नफ्रीद म्हणाली.

"कुणाला?"

राग्नफ्रीदने लगाम हातात घेतला. ग्रोआ आत गेली आणि भोकं पाडलेले चार दगड घेऊन आली, मागावरचे उभे दोरे ताठ राहावेत म्हणून खाली बांधायचे, गुळगुळीत, चांगल्या वजनाचे. ते तिने घोड्याच्या झोळीत असे टाकले की घोडा दचकला.